बिनपोटाचं दूध

देवाला मी रोज नमस्कार करते, कारण सकाळच्या कामांपैकी तेही एक आहे. अंघोळ, नमस्कार, चहा, मग वॉर्डची फेरी. त्यापलीकडे देव, भूत, नजर, लागीर यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही. लहानपणी अकोल्याला आमच्या शेजारणीच्या अंगात यायचं. मी तिला एकदा सगळ्यांसमोर विचारलं की मावशी, तुमच्या अंगात नेमकं भांडी घासायच्या वेळेलाच कसं येतं? त्याबद्दल आईने मला बदडलं, पण उत्तर कोणी दिलं नाही. माझं मत तेव्हापासून ठाम झालं ते झालंच.

भुताखेतांच्या या सदरातले अनुभव मी जेवणानंतर वाचते, करमणूक म्हणून. आज स्वतःच लिहायला बसले आहे... जे पाहिलं ते क्रमाने सांगते. ऐकलेलं असेल तिथे ऐकलेलं म्हणून सांगेन.

अमरावतीत बायकांच्या एका खासगी दवाखान्यात मी बरीच वर्षं मोठी नर्स आहे. मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिला आम्ही लॅब म्हणतो. मध्यप्रांत-वऱ्हाडात तपासायचं काही निघालं की नागपूरला पाठवून वाट बघत बसायची रीत. आमच्या डॉक्टरसाहेबांना ती रीत पसंत नव्हती. मुंबईला शिकताना त्यांना शरीराचे तुकडे भिंगाखाली बघायचा नाद लागला होता. त्यांनी मला कापायला शिकवलं. तुकडा फॉर्मलिनमध्ये घट्ट करायचा, स्पिरिटमधून काढायचा, मेणात बसवायचा आणि मग यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगतो, तो काचेवर अलगद घ्यायचा आणि रंगवायचा. कापायचं मी, वाचायचं त्यांनी. अशी आमची वाटणी.

आता सरजाबाई.

सरजाबाई वलगावची. माळ्याचं घर. मेथी, पालक, वांगी, कडेने झेंडू आणि शेवंती. रोज सकाळी टोपली घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची. वय साठीच्या पुढे. शिवाय ती गावात सुईणपण करायची आणि चांगलं करायची, हे मी नर्स म्हणून लिहिते. अडलेली बाळंतीण वेळेत आमच्याकडे आणायची, उगाच हट्ट करून बाई मारायची नाही. त्यामुळे आमची ओळख जुनी होती.

एके दिवशी ती आपल्या थोरल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव कौतिका. तिचा नवरा साप चावून दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला. मूलबाळ नाही.

"नर्सबाई, हिले किती महिने झाले थे पाहून द्या. अन् कागदावर लिहून द्या."

मी विचारलं, "हिची तक्रार काय आहे?"

"तक्रार माही हाये. हिची कायची तक्रार?" असं म्हणून तिने बाकावरच्या सगळ्या बायांसमोर कौतिकाचा पदर बाजूला केला, चोळीत हात घातला आणि दाबून एक थेंब स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर घेतला. नख तिरपं केलं. थेंब ओघळला नाही. "हे पाहा. पातळ पानी नाई, पक्कं दूध हाये. पाळी कधीची बंद. मले शिकवू नोका बाई, अर्धं वलगाव माह्या हातावर निंगालं. पोटाशिवाय दूध नसते."

नखावरची ही परीक्षा आमच्याकडच्या सुईणी नव्या आईच्या दुधाची करतात, पातळ की घट्ट ते पाहायला. विधवेच्या अंगावर ती केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. कौतिका खाली मान घालून उभी होती. बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "बाप्पा, केवढं!" आणि दुसरी हसली.

मी कौतिकाला आत नेलं. आत जाताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मी तपासलं, मग डॉक्टरसाहेबांनी तपासलं. गर्भाशय रिकामं. मूल नाही, कधी राहिल्याची खूण नाही. बाहेर निघाली तेव्हा तिचा उजवा खांदा आपटला. साहेब म्हणाले, "थांब."

त्यांनी तिला समोर बसवलं. माझ्या नाकाकडे बघ म्हणाले आणि स्वतःचे दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवली. तिला काहीच दिसलं नाही. हात बरेच पुढे आणल्यावर म्हणाली, "आत्ता दिसले." डोकं दुखतं का? दुखते. किती दिवस? "लय दिवस झाले साहेब. पुढचं दिसते. बाजूचं कोनी पडदा लावल्यावानी."

साहेबांनी बाहेर येऊन सरजाबाईला नीट समजावलं. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या मागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पाळी, दूध, सगळं तिच्या हुकमात. तिथे गाठ झाली तर पाळी बंद होते, मूल नसताना दूध येतं आणि गाठ डोळ्यांच्या शिरांवर दाबली की बाजूचं दिसत नाही. नागपूरला न्या, डोक्याचा फोटो काढा.

सरजाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोस्क्यात गाठ अन् थानात दूध? साहेब, वांग्याले खत घातलं त वांगंच लागते, शेजारच्या भेंडीले नाई लागत."

सगळा व्हरांडा हसला. साहेबसुद्धा हसले.

"अन् नागपूरले? फोटो काढाले? हिले?" ती उठली. "चाल वो."

जाता जाता कौतिकाने माझं मनगट धरलं. "बाई, माह्यात पोट नाई ना? तुमी पाह्यलं ना?"

"नाही. मी स्वतः पाहिलं."

"मंग यायले जोरानं सांगा ना."

मी जोरात सांगितलं. बाया ऐकत होत्या, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्या ओल्या चोळीवर होते.

इथून पुढचं काही दिवसांचं मी ऐकलेलं आहे. सांगणारा सरजाबाईचा धाकटा मुलगा गणपत, म्हणजे बाहेरचा कोणी नव्हे. कौतिकाला मळ्यातल्या कांदे साठवायच्या चाळीत ठेवलं. सासू दाराशी भाकर घेऊन बसायची. "नाव सांग, मंग भाकर भेटन." कौतिका नाव कुठून सांगणार? भिंत चाचपत चालायला लागली तेव्हा सरजाबाई म्हणाली, ढोंग करून राहिली. आणि ढोंग उघडं पाडायला तिने वाटेच्या दोन्ही कडांना बाभळीच्या काट्या टाकल्या. कौतिका त्यांच्यावरून गेली. सरजाबाई म्हणाली, "पाह्यलं? लय पक्की हाये. काटा सहन करते पन खरं नाई बोलत."

पौषाच्या थंडीत एका सकाळी कौतिका डोकं धरून ओरडली, उलटी झाली आणि दुपारपर्यंत मेली.

तिचा भाऊ सुदाम तेल्हाऱ्याचा, कापूस पिकवणारा, बुजरा माणूस. निरोप मिळाला तसा अकोल्याहून गाडी धरून आला. बहिणीच्या पायांत काटे पाहिले आणि पोलिसांत गेला. म्हणून प्रेत चिरफाडीला सरकारी दवाखान्यात आलं. तिथले डॉक्टर आमच्या साहेबांच्या ओळखीचे. त्यांनी गर्भाशय रिकामं असल्याचं लिहिलं. साहेबांनी त्यांना निरोप धाडला की कवटी उघडणारच आहात तर तळाचा तो तुकडा मला द्या.

गर्भाशय रिकामं, हे वलगावात कळलं. सरजाबाईचं उत्तर तयार होतं. "पाडलं असन. रिकामं त होनारच. मंग दूध कुठून आलं थे सांगा."

त्याचं उत्तर एका बाटलीत होतं. वाटाण्याएवढी ग्रंथी असायला हवी तिथून बोराएवढा, मऊ, मधोमध रक्त साकळलेला गोळा निघाला होता. मी तो घट्ट केला, मेणात बसवला, कापला, रंगवला. साहेब खुर्ची ओढून भिंगाला डोळा लावून बसले आणि थोड्याच वेळात मांडीवर थाप मारून म्हणाले, "सुशीलाबाई, निदान अगदी बरोबर!"

सुदाम दारात उभा होता. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, की आलं आणि फरक पडला नाही, मला माहीत नाही. त्यांनी त्याला बोलावून भिंगातून बघायला लावलं. त्याला निळे-गुलाबी ठिपके दिसले असतील. साहेबांनी सांगितलं, "निरोगी ग्रंथी म्हणजे वाफे पाडलेला मळा. एका वाफ्यात मेथी, एकात कांदा, मधे बांध. इथं बांध सगळे फुटलेत आणि एकाच जातीचं तण माजलंय. म्हणून दूध. म्हणून डोळे गेले. शेवटी त्यातच रक्त फुटलं आणि ती गेली. तुझी बहीण आजारी होती. बाकी काही नाही."

सुदाम भिंगाला हात लावून म्हणाला, "साहेब, हे वलगावले येऊन सांगता का? थे तिची तेरवी कराले तयार नाई."

त्याला एवढंच हवं होतं. तेरवी सासरीच व्हायला हवी, भावाने आपल्या घरी करून चालत नाही. तेराव्याला जातीतले लोक येऊन जेवले की मेलेलं माणूस स्वच्छ गेलं. न जेवले तर ते नाव घराबाहेर पडलं. साहेबांना वेळ नव्हता. मी गेले.

सरजाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. शेजारच्या बाया जमल्या. मी गाठीचं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं करून. स्लाइडसुद्धा रुमालात बांधून नेली होती. सरजाबाईने ती काच उन्हात धरून पाहिली.

"हे कौतिका हाये?"

"तिच्या डोक्यातल्या गाठीचा काप आहे."

"कुंकवाचा डाग दिसते." तिने काच शेजारणीला दिली. शेजारणीने पुढच्या बाईला दिली. मी ती घाईने परत घेतली.

सुदाम पायरीवर डोकं टेकून म्हणाला, "मावशी, गरीब व्हती वो माही बहीन. तेरवी करा. खर्च मी देतो. लोकायले जेवू द्या तिच्या नावानं."

"माह्या पोराले खाल्लं, मंग माह्या घराचं नाक कापलं. तिच्या नावानं काहून जेवू घालू?" जुडीला केळीचं सोपट आवळत ती म्हणाली. "ऐक बाप्पा. मी साऱ्या जन्मात बिनपोटाचं दूध पाह्यलं नाई. तू दाखव मले. पाह्यलं की त्या दिवशी तेरवी करतो, साऱ्या गावाले बोलावून. पंचायले बी सांगजो, तेरवी राहिली त मांगून बी करता येते. जाय."

बाया हसल्या. सुदाम त्याच दिवशी तेल्हाऱ्याला परत गेला.

उन्हाळा लागला. एका दुपारी सरजाबाई दवाखान्यात एकटीच आली. एवढ्या उन्हात तिने अंगाभोवती लुगड्याचा पदर घट्ट आवळून घेतला होता.

"नर्सबाई, आत चाला. इथं नोको."

मला वाटलं गळू असेल, किंवा त्याहून वाईट. पदर सोडला. चोळी दोन्ही बाजूंनी भिजलेली. लाली नाही, गाठ नाही, जखम नाही. मी दाबलं आणि बारीक धार माझ्या एप्रनवर उडाली.

सरजाबाईने अंगठा पुढे केला. सवयीने केला, असं मला वाटतं. थेंब नखावर पडला. तिने नख तिरपं केलं. थेंब ओघळला नाही. 

"पक्कं हाये," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पक्कं आहे."

दुसरा थेंब मी काचेवर घेऊन भिंगाखाली धरला. तूप तरंगावं तसे गोल थेंब, सगळीकडे. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं दूध आहे. कुठल्या बाळंतिणीचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "थट्टा करू नका." मी कामाच्या ठिकाणी थट्टा करत नाही, हे त्यांना माहीत होतं. ते उठून आत गेले.

पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली बाई. साहेबांनी बोटं हलवून पाहिली, तिला दोन्ही बाजूंचं लख्ख दिसत होतं. डोकं दुखत नव्हतं. काही औषध, काढा, बुवाची पुडी? काही नाही. गळा पाहिला, छाती पाहिली, पोट पाहिलं. शेवटी नागपूरला फोटो काढायला सांगितलं. या वेळी गणपत आईला दुसऱ्याच दिवशी घेऊन गेला. फोटोत मेंदूच्या तळाचं हाड जसं असायला हवं तसंच होतं. ग्रंथीची खोबण कुठेही रुंदावलेली नव्हती.

"बारकी असन," सरजाबाई म्हणाली. "फोटोत न दिसन इतली बारकी. असू शकते ना साहेब?"

"असू शकते. तेवढी बारीक गाठ कापल्याशिवाय कळत नाही."

"मंग कापा."

"जिवंत माणसाची नाही कापता येत."

तिने थोडा विचार केला. मंडईत भाव पटवून घेताना करायची तसा. "बरं. मंग मेल्यावर कापा. पन पाहा. सोडू नोका."

मी तिला म्हटलं, "सरजाबाई, बिनपोटाचं दूध पाहायचं होतं ना? पाहिलं. आता कौतिकाची तेरवी करून टाका."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला शिवी दिली. "गाठ निंगू द्या आंधी. माह्यात गाठ असन त हे बिमारी हाये, मंग तिची बी बिमारीच व्हती. दोघीची करीन. अन् गाठ नसन त..." ती उठली. पदर आवळून निघून गेली.

बाजारात लपवून किती लपणार? टोपली डोक्यावर घेताना चोळी भिजलेली दिसायचीच. समोर बसणारी कांदेवाली, हिच्याशी जन्माची स्पर्धा, भर गर्दीत ओरडली, "काहून वो सरजे, नाव सांग ना! बाप कोन्या गावचा?" अख्खी भाजीबाजाराची ओळ हसली. हे मी स्वतः ऐकलं, मी तिथे वांगी निवडत होते. सरजाबाईने मान वर केली नाही.

पण तिच्या वयाच्या बाईवर तो आळ फार टिकत नाही. मग गावाने दुसरं काढलं. कौतिका प्यायला येते. कौतिका उपाशी मेली, आता सासूच्या अंगावर पिऊन राहिली. सुईणपण बंद झालं. तिच्या हातची शेवंती देवाला घेईनात. तिने बांधलेली मेथीची जुडी लोक बोटाने बाजूला सारायचे.

पावसाळ्यात गणपतने तिला आमच्याकडे आणून टाकली. अंगावर मांस उरलं नव्हतं. भाकर दिली तर उलटून पडायची, पेज दिली तर पोट धरायचं नाही. दूध मात्र आटत नव्हतं. आम्ही दूध आटवायला बेलाडोनाच्या औषधाच्या पट्ट्या लावल्या, छाती करकचून बांधली. बांधलेलं कापड दुपारपर्यंत ओलं. पलीकडच्या खाटेवरचं नवं लेकरू रडलं की तिचं कापड जास्त भिजायचं. त्या लेकराची आई खाट ओढून भिंतीला घेऊन गेली आणि मला म्हणाली, "बाई, थ्या बुढीले दुसरीकडं न्या. ते माह्या पोराकडं पाहून राहिली." सरजाबाई पाहत नव्हती. तिने तोंड भिंतीकडे केलेलं होतं आणि कानात बोटं घातलेली होती.

शेवटच्या दिवसांत तिने गणपतला बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "डोस्कं कापून पाहतीन. गाठ निंगाली त माही अन् कौतिकाची, दोघीची तेरवी संगं करजो. साऱ्यायले बोलाव. नाई निंगाली त माही करू नोको. कोनी जेवाले येनार बी नाई."

गणपतने मान हलवली. ती एका दुपारी गेली.

आता जे लिहिते ते मी एकटीने पाहिलं, म्हणून जपून लिहिते. मी तिला पुसलं, कपडे बदलले, हात जुळवून ठेवले. चादर घातली. साहेब येईपर्यंत चादरीवर दोन ओले डाग आले. मेलेल्या अंगातून काही काळ काय काय गळतं, हे मला नव्याने शिकायला नको. दाब पडला असेल म्हणून पुन्हा पुसलं, कोरडी चादर घातली. पुन्हा डाग. मी चादर उचलून हात लावला. तिचे हात, कपाळ, पोट गार पडले होते. ते दूध कोमट होतं.

साहेबांनी संमतीच्या कागदावर गणपतचा अंगठा घेऊन कवटी उघडली. तळाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. वाटाण्याएवढा. मी तो कौतिकाच्या तुकड्यासारखाच केला, तीच बाटली, तेच मेण, तेच यंत्र. या वेळी एक-दोन काप घेऊन थांबले नाही. मेणात तुकडा उरला नाही तोपर्यंत कापत गेले. एकेक काप रंगवला. साहेबांनी एकेक वाचला.

काही नव्हतं. बांध शाबूत, प्रत्येक जातीच्या पेशी आपापल्या जागी. म्हाताऱ्या बाईची असावी तशी निरोगी ग्रंथी. साहेबांनी नाव न लिहिता काही स्लाइडी मुंबईला त्यांच्या गुरूंकडे पाठवल्या. तिकडून तेच आलं... निरोगी, दूध करणाऱ्या बाईचं एकही लक्षण नाही.

गणपत निकाल घ्यायला आला तेव्हा टोपी हातात घेऊन उभा राहिला. साहेबांनी सांगितलं, "गाठ नव्हती."

तो हातातली टोपी फिरवायला लागला. मग म्हणाला, "साहेब, व्हती म्हनून सांगा ना. लोकायले काय समजते? तुमच्या एका शब्दानं दोघीची तेरवी होते. तुमचं काय जाते?"

साहेब काच पुसत होते. वर न पाहता म्हणाले, "होती ते मी सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. नव्हती ते आता ऐका."

मी मधे पडले. म्हटलं, "गणपत, आईचं राहू दे. कौतिकाच्या डोक्यात तर गाठ निघाली होती ना? ती मी स्वतः कापली. तिच्यावरचा आळ खोटा ठरलाय. तिची एकटीची तरी कर. सुदाम अजून वाट बघतोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती.

"वैनीची? बाई, मायच्या डोस्क्यात काही नव्हतं, हे तुमीच आत्ता सांगतलं. मंग दूध कोन आनलं? आमी म्हनत व्हतो थेच खरं निंगालं. जिनं मायले पिऊन मारलं तिले मी घरी बोलावून जेवू घालू?"

तो टोपी घालून गेला. तेरवी एकीचीही झाली नाही.

माझ्या हातून जे दोन तुकडे कापले गेले त्यांचं हे असं झालं. एकात रोग होता, तो कोणी मानला नाही. दुसऱ्यात काही नव्हतं, ते मात्र अख्ख्या वलगावने मानलं आणि त्याच्या जोरावर कौतिका छिनाल होती ती लावसट, म्हणजे हडळ, करून टाकली. सुदामला मी काय कळवायचं होतं? कळवलं जे झालं ते. त्याचं उत्तर आलं नाही. आता वलगावात बाळंतिणीच्या खोलीत कौतिकाचं नाव घेत नाहीत. सासवा सुनांना दटावताना मात्र घेतात.

दवाखान्यात येणारी शिकलेली माणसं मला म्हणतात, सरजाबाईला पश्चात्ताप झाला असेल, मनाचा परिणाम शरीरावर होतो. होत असेल. पण मी तिच्या उशाशी होते. पश्चात्ताप झालेला मी शेवटपर्यंत पाहिला नाही. कौतिकाच्या पायांतल्या काट्यांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिला फक्त गाठ हवी होती.

साहेब हल्ली हा विषय काढला की म्हणतात, आपल्याला अजून सगळं कळत नाही, पुढे कळेल. मी भुतावर विश्वास ठेवत नाही, आजही नाही. पण चादर उचलल्यावर माझ्या बोटांना जे लागलं ते कोमट होतं, हे मी कसं नाही म्हणू? उत्तर माझ्याजवळ नाही. साहेबांजवळ नाही. वलगावजवळ आहे... आणि ते मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.